स्टिअरिंग का थरथरतं?

दोस्तांनो, गाडीत पुढच्या सीटवर बसायला मिळालं की तुम्ही काय बघता? खिडकीबाहेर? की गाण्यांची बटणं दाबत बसता? आज आपण तिसरीकडेच बघणार आहोत. गाडी चालवणाऱ्याच्या हातांकडे!

नवी मुंबईत कितीतरी घरांत पहिली गाडी येते ती सेकंडहँड. नेरूळ, घणसोली, कामोठे, कुठल्याही सोसायटीखाली बघा, अशा गाड्या ओळीनं उभ्या असतात. नंबरपाटीवर एमएच ४३ असेल तर ती वाशीच्या आरटीओत नोंदलेली, ४६ असेल तर पनवेलच्या. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओ तिची तपासणी करतं आणि ठीक असेल तर आणखी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून देतं. म्हणजे जुनी गाडी म्हणजे टाकाऊ गाडी, असं मुळीच नाही. फक्त ती नव्या गाडीपेक्षा जास्त बोलते. कुठे किरकिर, कुठे खडखड. आणि तिचं एक बोलणं असं आहे की ते कानाला ऐकू येत नाही, हाताला कळतं. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलं, काटा ऐंशीच्या जवळ गेला, की स्टिअरिंग थरथरायला लागतं. चालवणाऱ्याची मनगटं, अगदी घड्याळाचा पट्टासुद्धा थरथरताना दिसतो.

“जुनी गाडी आहे, चालायचंच!” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मला या वाक्याचा भारी राग येतो. गाडी काही वय झालं म्हणून थरथरत नाही. तिच्यातला कुठला तरी एक भाग वाकडा झालेला असतो, झिजलेला असतो, सैल झालेला असतो, नाहीतर एका बाजूला जड झालेला असतो. तो भाग कोणता हे शोधून काढता येतं. आणि त्यासाठी सुरुवातीला पाना-पक्कड लागतच नाही. लागतात प्रश्न.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते लगेच इंजेक्शन देतात का? नाही. आधी विचारतात, ताप कधी येतो? थंडी वाजून येतो का? खोकला कोरडा की कफाचा? गाडीलाही तसंच विचारायचं. कधी थरथरतेस? किती वेगाला? ब्रेक लावल्यावर, की न लावता? कुठे थरथरतेस, हाताला की बसायच्या जागेला?

पण त्याआधी थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे.

टायरच्या कडेला काही आकडे कोरलेले असतात. मारुती ८०० ही गाडी तुम्ही पाहिली असेलच. १९८३ सालच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. अजूनही कुठेकुठे दिसते. तिच्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं असतं. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के. आणि १२ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा, रिमचा व्यास बारा इंच. आता वही घ्या. १४५ चे सत्तर टक्के म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर. वर एकदा, खाली एकदा, म्हणून दुप्पट. त्यात बारा इंच मिळवा. एकूण व्यास येतो साधारण ५१ सेंटिमीटर. परिघ काढायचं सूत्र पाठ आहे ना? उत्तर येईल सुमारे १६० सेंटिमीटर. म्हणजे चाक एकदा फिरलं की गाडी १.६ मीटर पुढे जाते.

ताशी ८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. त्याला १.६ ने भागलं की कळतं, हे चाक एका सेकंदात जवळजवळ चौदा वेळा फिरतं! टाळी वाजवेपर्यंत चौदा चकरा. इथून पुण्यापर्यंत सव्वाशे किलोमीटर धरले, तर अठ्ठ्याहत्तर हजार चकरा.

आता समजा या चाकाच्या कडेला एकाच जागी २० ग्रॅम वजन जास्त आहे. वीस ग्रॅम म्हणजे काय, रुपयाची पाचेक नाणी. किराणा दुकानदार एवढ्याकडे बघणारही नाही. पण दोरीला दगड बांधून गरगर फिरवलात की दगड हाताला बाहेर ओढतो, हो ना? जोरात फिरवलं की जास्त ओढतो. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. आपल्या चाकातले ते वीस ग्रॅम ताशी ४० ला चाकाला ओढतात अर्ध्या किलोहून थोड्या जास्त वजनाएवढ्या जोरानं. ताशी ८० ला तीच ओढ सव्वादोन किलोच्याही वर जाते. एकदा वर, एकदा खाली, एकदा पुढे, एकदा मागे. सेकंदाला चौदा वेळा! मग स्टिअरिंग थरथरेल नाहीतर काय करेल?

पटत नसेल तर सायकलवर करून बघा. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागचं चाक हलकेच फिरवून सोडून द्या, ते कुठे थांबतं ते बघा. बहुतेक सायकलींत व्हॉल्व्हची, म्हणजे हवा भरायच्या तोटीची बाजू किंवा लाल रिफ्लेक्टरची बाजू खाली येऊन थांबते. का? ती जड असते म्हणून. आता रिमजवळ एका आरीला एक छोटा नट दोऱ्यानं आवळून बांधा आणि पेडल हातानं जोरात फिरवा. सायकल जागच्या जागी उड्या मारायला लागेल. बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा. चाकाच्या समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा. नट सुटला तर तो सरळ उडतो.

गाडीच्या चाकाचं हे जड-हलकं सारखं करणं म्हणजेच व्हील बॅलन्सिंग. टायरच्या दुकानात चाक एका यंत्रावर बसवून फिरवतात. यंत्र सांगतं, अमुक जागी इतके ग्रॅम कमी आहेत. मग दुकानदार तिथे रिमच्या कडेला वजनाचा तुकडा ठोकतो किंवा चिकटवतो. पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, असे छोटे छोटे तुकडे असतात. पुष्कळदा ते शिशाचे असतात, म्हणून रस्त्यात सापडला तर खेळायला उचलू नका. शिसं विषारी असतं. असा तुकडा खड्ड्यात आपटून पडला, की आदल्या दिवशी शांत असलेली गाडी दुसऱ्या दिवशी थरथरते. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून घट्ट होतो. एकाच बाजूला वाळला तर तोही वजनच! अशा वेळी औषध काय? पाण्याचा पाइप! पैसे खर्च करण्याआधी चाकं आतून धुऊन बघावीत.

आता तुम्ही विचाराल, थरथर ऐंशीला येते आणि शंभरला कमी कशी होते? वेग वाढला तर ओढ वाढायला हवी ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं उत्तर एसटीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त त्यानं विचार केलेला नसतो. लाल परी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू असतं आणि खिडकीच्या काचा अशा खडखडतात की बोलणं ऐकू येत नाही. गाडी निघाली, इंजिन जोरात फिरायला लागलं, की काचा गप्प! प्रत्येक वस्तूची हलायची एक आवडती लय असते. झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत एका बोटानं ढकललं तरी तो उंच जातो. भलत्याच वेळी ढकललं तर अडखळतो. चाकाची ठोके द्यायची लय आणि गाडीच्या पुढच्या भागाची आवडती लय जुळली की थरथर वाढते. वेग आणखी वाढला की लय चुकते, थरथर कमी होते. याला अनुनाद म्हणतात. म्हणून, ठरावीक वेगाला सुरू होते आणि पुढे कमी होते, असं कळलं की जाणकार माणसाचा पहिला संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर जातो. मात्र थरथर घालवायला वेग वाढवणं हा उपाय नव्हे हं! चाकातला दोष तिथेच असतो, फक्त हाताला कळत नाही.

कुठलं चाक, हेसुद्धा गाडी सांगते. थरथर स्टिअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं, कारण स्टिअरिंग त्यांनाच जोडलेलं असतं. सीटला आणि पायाखाली असेल तर मागची. जुन्या मारुतीत तर हे फारच स्पष्ट कळतं. तिला पॉवर स्टिअरिंग नसतं, चाकाचं जे काही होईल ते थेट हातात.

पण प्रत्येक थरथर काही बॅलन्सिंगची नसते. लोक तिथेच फसतात.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक मुलगी आहे, यंदा सातवीत. तिच्या बाबांनी एक जुनी मारुती घेतली. गाडी दाखवणारा म्हणाला, “स्टिअरिंग थोडं हलतं, बॅलन्सिंग केलं की झालं.” बाबांनी बॅलन्सिंग केलं. हलणं तसंच. दुसऱ्या दुकानात पुन्हा केलं. यंत्रावर चारही चाकांचा आकडा शून्य आला, तरी हलणं तसंच. गणपतीला साताऱ्याला जायचं ठरलेलं होतं. बाबा म्हणाले, “जाऊ दे, तसंच जाऊ. इतके दिवस चालतेच आहे ना?”

मुलगी मला खाली भेटली तेव्हा तिनं हे सांगितलं. मी तिला एवढंच म्हटलं, की एक वही घे आणि बाबांना विचारत जा. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना दोघं निघाले. ही पुढे बसलेली, पट्टा लावून, मांडीवर वही.

“बाबा, आत्ता किती?”

“वीस.”

“हलतंय?”

“थोडं. हळू हळू, डावी-उजवीकडे झुलल्यासारखं.”

“आणि आत्ता?”

“तीस. अगं, इथे तर जास्त झुलतंय!”

पन्नासला, साठला झुलणं जाऊन बारीक थरथर झाली, पण ती थांबली कधीच नाही. ब्रेक लावल्यावर वाढली नाही. बाबांनी क्षणभर क्लच दाबून इंजिन सुटं केलं, तरी फरक नाही. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. वहीत सगळं लिहिलं गेलं. घरी आल्यावर मुलगी मला म्हणाली, “बाई, तुम्ही सांगितलं तसं ऐंशीला होतच नाही. विसालाच सुरू होतं.”

विसाला! ताशी वीस म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन चकरा. इतक्या कमी वेगात वीस-तीस ग्रॅमची ओढ हाताला कळणारच नाही. म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. मग कशाचा? चाक गोलच नसेल तर?

तुर्भ्याच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी ती वही वाचली. “ही कोणी लिहिली?” म्हणून हसले, पण वाचली नीट. त्यांनी आधी एक बिनपैशाचं काम केलं. पुढची दोन चाकं मागे लावली, मागची पुढे, आणि एक चक्कर मारून आले. झुलणं स्टिअरिंगमधून गेलं आणि सीटला आलं! झालं, चोर कुठल्या घरात आहे ते कळलं. स्टिअरिंगचे सांधे, बेअरिंग हे सगळे सुटले, कारण ते काही मागे गेले नव्हते. मागे गेली होती फक्त चाकं. मला ही युक्ती फार आवडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्रास कुठे जातो ते बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

मग मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम स्टँड लावून, एक एक चाक हातानं फिरवलं. टायरजवळ एक खडू अगदी स्थिर धरला, टायरला न टेकवता. चाक फिरलं. एका जागी खडू घासला, पांढरा ओरखडा उठला. पुन्हा चक्कर, पुन्हा त्याच जागी. चाक काढून आतली बाजू बघितली, तर तिथे टायरला लिंबाएवढा फुगा आलेला! बाहेरून टायर चकचकीत, आतून फुगलेला. आतली बाजू कोण बघतो?

हा फुगा म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण आजच्या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. त्याच्या आत मजबूत धाग्यांचे थर असतात. हवेचा दाब खरं तर ते धागे पेलतात, रबर नव्हे. गाडी खड्ड्याच्या धारदार कडेवर जोरात आपटली की टायर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये चिमटला जातो आणि धागे तुटतात. मग त्या जागी हवा अडवायला उरतं फक्त रबर. ते फुगतं. असा टायर शिवता येत नाही, ठिगळ लावून वापरता येत नाही. तो कधीही फुटू शकतो, आणि फुटायला त्याला वेग, ओझं आणि तापलेला रस्ता आवडतो. घरातली चार-पाच माणसं, मागे सामान आणि द्रुतगती मार्ग, म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम. पुढचा टायर फुटला तर गाडी एका बाजूला खेचली जाते आणि सावरायला वेळच मिळत नाही. ती गाडी याच टायरवर खंडाळ्याचा घाट चढून साताऱ्याला निघाली होती.

यंत्रावर शून्य कसा आला, असं विचारताय? यंत्र जड-हलकं मोजतं. वाकडा टायरसुद्धा समतोल करता येतो. वजन सारखं झालं, पण चाक गोल झालं नाही.

त्या टायरवर आणखी एक गंमत मिळाली. प्रत्येक टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. समजा २३१९ लिहिलंय, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. त्या गाडीच्या टायरवर होतं ०८११. काढा बरं हिशेब! नक्षी अजून बरी होती, पण इतक्या वर्षांत रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. सेकंडहँड गाडी घेताना लोक रंग बघतात, सीटकव्हर बघतात, फार तर किलोमीटरचा काटा बघतात. हे चार आकडे वाचायला दोन मिनिटं लागतात. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, तिचेही वाचा. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्याही दिसतील. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की खाच उरली फक्त १.६ मिलिमीटर. कायद्यानं मोटारीच्या टायरला त्याहून कमी चालत नाही.

जाता जाता सांगते, हवा भरलेल्या टायरचा जन्मच मुळी थरथर थांबवण्यासाठी झाला. जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहायचे. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार खडखडायची. म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना बसवली. १८८८ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. (त्यांच्याही आधी, १८४० च्या दशकात, रॉबर्ट थॉमसन यांनी अशी कल्पना मांडली होती, पण तेव्हा ती चालली नाही.)

तर, त्या मारुतीला दोन नवे टायर लागले आणि झुलणं गेलं. घाट उतरताना ब्रेक लावला की थोडी थरथर मात्र राहिली होती, असं मुलगीनं परत आल्यावर वहीत बघून सांगितलं. ही वेगळी जात. ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, कधी कधी ब्रेकचं पेडलही पायाखाली धडधडत असेल, तर संशय पुढच्या ब्रेकच्या तबकडीवर, डिस्कवर. डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची हवी. ती मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागानं जरी कमीजास्त झिजली, तरी ब्रेकचे पॅड तिला पकडताना सैल-घट्ट, सैल-घट्ट होतात. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते. (नव्या गाड्यांत करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं, ते मात्र एबीएस नावाच्या यंत्रणेचं काम असतं. तो बिघाड नव्हे.)

फक्त वेग घेताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच थरथर होत असेल आणि पाय उचलला की थांबत असेल, तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असू शकतो. आणि गाडी उभी असतानाच, सिग्नलला, स्टिअरिंग थरथरतं का? मग चाकांना दोष देऊच नका, ती तर फिरतच नाहीत! तेव्हा इंजिनाखालची रबरं बघायची. मारुती ८०० च्या इंजिनाला तीनच सिलिंडर असतात. त्यामुळे तिची थोडी थरथर जन्माचीच.

अलाइनमेंट हा शब्द तुम्ही प्रत्येक टायरच्या दुकानाच्या पाटीवर वाचला असेल. स्टिअरिंग थरथरतंय म्हटलं की बरेच जण “अलाइनमेंट करून घ्या” असा सल्ला देतात. अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी सरळ रेषेत आहेत का ते बघणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं झिजतात. गॅरेजच्या भाषेत, गाडी टायर खाते. पण नुसत्या त्यानं स्टिअरिंग सहसा थरथरत नाही. रोग एक आणि औषध दुसरं, असं होऊ देऊ नका.

आणि आता एक थरथर अशी, की जिच्यासाठी वही काढायचीच नाही. नुकतंच पंक्चर काढलंय, चाक बदललंय, आणि त्यानंतर गाडी थरथरायला लागली, किंवा थरथर मिनिटामिनिटाला वाढत चालली, किंवा टकटक आवाज यायला लागला. तर बाबांना, मामांना, जो कोणी चालवत असेल त्याला लगेच सांगा, “गाडी बाजूला घ्या.” चाकाचे नट सैल असू शकतात. मारुतीच्या चाकाला चारच नट असतात. ते गोल क्रमानं नाही, समोरासमोर आवळायचे असतात, म्हणजे चाक सरळ बसतं. पुढे थोडं अंतर गेल्यावर पुन्हा एकदा आवळून बघायचे. मोठ्यांना रस्त्यात थांबायचा कंटाळा येतो, “घरी जाऊन बघू” म्हणतात. या एका बाबतीत तुम्ही हट्ट करा. मी परवानगी देते!

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही संस्था आहे. गाड्यांच्या चाचण्या घ्यायला १९६६ साली ती सुरू झाली. तिथे इंजिनिअर लोक गाड्यांची थरथर यंत्रांनी मोजतात. तुमच्याजवळ यंत्र नाही, पण डोळे आहेत आणि चाळीस पानी वही आहे. त्यावरच एक कोडं घालते.

एका गाडीची वही माझ्यासमोर आहे. तीत लिहिलंय: सिग्नलला उभी असताना शांत. साठपर्यंत शांत. पंचाहत्तरला थरथर सुरू, पंचाण्णवला कमी. ब्रेक लावल्यावर वाढत नाही. स्टिअरिंग अगदी स्थिर, पण सीट थरथरते. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, काल संध्याकाळी मागचं डावं चाक पंक्चर झालं होतं, ते काढून परत बसवलं.

या गाडीचं सगळ्यात आधी काय तपासायचं? आणि ते ठीक निघालं, तर त्यानंतर काय? दोन्ही उत्तरं कारणांसहित पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.